शिड्यांचे बसाण्णा

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी आवारात शिरलो, तर एक पन्नाशीचा धिप्पाड माणूस भिंतीला टेकवलेल्या पिवळ्या शिडीला गाल लावून उभा होता. डोळे मिटलेले. गाल हळूहळू वर सरकवायचा, थांबायचा, पुन्हा खाली आणायचा. मग त्यानं दुसरा गाल लावला. मी सायकल हातात धरून तसाच उभा. अशा वेळी नवीन माणसानं खोकावं की खोकू नये, ते काही मला बी. कॉम.ला शिकवलेलं नव्हतं.

"या की पावणं," डोळे न उघडता तो म्हणाला. "जरा थांबा. हिचं बघून घेतो."

हे आमचे बसाण्णा.

नव्वद सालानंतरच्या चार-दोन वर्षांतली ही गोष्ट. उद्यमनगरात आमच्या मालकांची, म्हणजे दादासाहेबांची, वीजकामाची फर्म होती. कारखान्यांच्या शेडमधली जोडणी, रस्त्यावरचे दिवे, यात्रेजत्रेतली रोषणाई, असली सगळी कामं आम्ही ठेक्यानं घ्यायचो. पाच-सहा वायरमन, एक जीप, हिशेबाला मी आणि गोदामाला बसाण्णा. गोदामात वायरची भेंडोळी होती, होल्डर होते, खोकीच्या खोकी बल्ब होते. पण बसाण्णांना विचाराल तर गोदामात फक्त शिड्या होत्या. बाकीचा माल जागा अडवायला आलेला.

तोवर सगळीकडे बांबूच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या शिड्या असत. ॲल्युमिनियम हलकं, पण तारेला टेकलं की वरच्या माणसाचं काही खरं नसायचं. म्हणून दादासाहेबांनी पुण्याहून फायबरच्या शिड्या मागवल्या. यातून वीज जात नाही, ही गंजत नाही, हिला वाळवी लागत नाही. मालक खूश, वायरमन खूश. बसाण्णा एकटे खूश नव्हते.

"लोखंड सडलं तर तांबडं हुतंय. बांबू सडला तर भुसा पडतोय," ते मला सांगायचे. "फायबर काय बी सांगत न्हाय, तम्मा. गप ऱ्हातंय आन एक दिवशी जातंय."

बसाण्णा नेसरीकडचे, घरात कानडी बोलणारे. वयानं लहान तो त्यांचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ.

गाल लावायचं कारण मला हळूहळू कळलं. फायबरची शिडी उन्हात राहिली की वरचा गुळगुळीत थर उडून जातो आणि आतली काचेची बारीक कुसळं वर येतात. धरणाऱ्याच्या हाताला दिवसभर खाज. पुढं त्या कुसळांतून पावसाचं पाणी आत मुरतं, आणि मग जिच्यातून वीज जात नाही म्हणून घेतली तिचाच भरवसा राहत नाही. कुसळ डोळ्यांना उशिरा दिसतं. हाताला लवकर कळायला पाहिजे, पण बसाण्णांचे हात जन्मभर वायरची भेंडोळी ओढून खडबडीत झालेले. गाल तेवढा शाबूत होता. त्यामुळे ते रोज पहाटे उठून चकाचक दाढी करायचे. श्रावणात सगळं गोदाम दाढ्या वाढवून जोग्यासारखं दिसायला लागलं तरी बसाण्णा तुळतुळीत. कुणी टोकलं तर म्हणायचे, "देवाला चालतंय रं. शिडीला चालत न्हाय."

सोमवारी शिड्यांची अंघोळ. कोमट पाणी, साबणाचा चुरा, मऊ फडकं. काथ्या वापरलेला त्यांना खपायचा नाही, अंगावर ओरखडे उठतात म्हणून. वाळल्यावर मेण चोळायचं. मग खालचे रबरी बूट दाबून बघायचे, पायऱ्या एकेक पिळून बघायच्या. हे चालू असताना शिडीशी बोलणं कानडीत. आमच्याशी मराठीत. तानाजी नावाचा आमचा सगळ्यात जुना वायरमन म्हणायचा, "शिव्या मराठीत आणि माया कानडीत. आपल्या नशिबात मराठी आलीया."

एकदा जीपच्या ड्रायव्हरनं शिडी टपावर ठेवून जीप भर उन्हात लावली आणि स्वतः चहाला गेला. बसाण्णांनी शिडी उतरवून सावलीत नेली. ड्रायव्हर परत आल्यावर त्याला हाताला धरून त्याच जागी उभं केलं.

"हुबा ऱ्हा."

"का?"

"ती हुबी हुती. तू बी ऱ्हा. मग कसं वाटतंय सांग."

आणि तो खरंच उभा राहिला. बसाण्णांचा आवाज असा होता की माणूस आधी ऐकायचा आणि मग का ऐकलं त्याचा विचार करायचा. थोड्या वेळानं त्यांनीच तांब्याभर ताक नेऊन त्याला पाजलं, आणि तो पीत असताना टोपीनं वारा घातला.

शिडी निकामी ठरली की मात्र त्यांचं रूप पालटायचं. लोखंड कापायची करवत घ्यायची, नाकातोंडाला पंचा बांधायचा, लांब बाह्यांचा जुना शर्ट घालायचा आणि शिडीचे तुकडे करायचे. अर्धी म्हणून शिल्लक ठेवायची नाही. हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. त्या दिवशी कुणाशी फारसं बोलतही नसत.

शहरात मोडक्या शिडीला किती मागणी असते हे मला तिथं समजलं. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना मांडवाला पाहिजे असायची. जवळच्या देवळाच्या पुजाऱ्यांना शिखराला चुना द्यायचा असायचा. खुद्द दादासाहेबांच्या सासूबाईंनी जळमटं काढायला म्हणून निरोप धाडला होता. सगळ्यांना एकच उत्तर.

"आमच्या माणसाला नको ती तुमास्नी कशी देऊ? शिडी दिली म्हणून नाव न्हाय हुणार. तुमच्या मयताला मात्र मला यावं लागंल."

सासूबाईंना निरोप सांगताना मी शेवटचं वाक्य गाळलं.

दादासाहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही धंदा करायचा होता. एका वर्षी चैत्रातल्या यात्रेआधी जोतिबाच्या डोंगरावर एका धर्मशाळेच्या रोषणाईचं काम मिळालं. नेमक्या त्याच सुमाराला बसाण्णांनी एकामागून एक शिड्या बाद करायला सुरुवात केली. कधी गाल ओढला गेला म्हणून, कधी पायरी करकरली म्हणून. शेवटी दोन लांब शिड्या राहिल्या, त्यांच्याकडंही ते डोळे बारीक करून बघायला लागले. तेवढ्यात पुतणीच्या लग्नाला त्यांना गावी जावं लागलं. दादासाहेबांनी संधी साधली. पेंटर बोलावला आणि दोन्ही शिड्यांना पिवळाधमक ऑइलपेंट मारून घेतला. शिड्या नवऱ्या मुलीसारख्या दिसायला लागल्या.

बसाण्णा परत आले. कपाळाला भस्म, हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी. त्यांनी पिशवी माझ्याकडं दिली, शिडीपाशी गेले, गाल लावला आणि लगेच काढून घेतला. गालाला पिवळा डाग.

"कुणी केलं?"

दादासाहेब केबिनमधून बाहेर आले. "मी केलं, बसाण्णा. नव्यागत झाल्यात. उद्या डोंगरावर न्यायच्यात."

"मालक, तडा असला तर आता दिसायचा कसा? रंगाखाली झाकला की."

"तडा हाय कशावरनं?"

"न्हाय कशावरनं?"

बराच वेळ असं चाललं. दादासाहेबांचा पारा चढला. शंभर किलोच्या आसपासचा गडी, पांढरी शुभ्र विजार, पायात करकरीत कोल्हापुरी चप्पल. त्यांनी चपला काढल्या. "मीच चढतो," म्हणाले, आणि खरोखर चढायला लागले. आम्ही सगळे काम सोडून बघत राहिलो. एक पायरी, दुसरी, तिसरी. शिडी वाकली, पण मोडली नाही. दादासाहेब पत्र्याच्या कडेपर्यंत पोचले, वरून आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "काय झालं? सांगा की काय झालं?"

"काय न्हाय झालं," बसाण्णा शांतपणे म्हणाले. "देवाची कृपा. उतरा आता."

उतरायला दादासाहेबांना चढण्यापेक्षा फार जास्त वेळ लागला. मधे एका जागी ते दोन्ही हातांनी शिडी कवटाळून थांबले, आणि पाय चाचपत खालची पायरी शोधायला लागले. खाली आले तेव्हा विजारीवर पिवळे पट्टे आणि तोंडाचा रंग उडालेला. चपला घालता घालता त्यांनी तानाजीकडं बघितलं. उद्या वर चढणार होता तो. तानाजी नेहमीसारखा उभा होता, मालक सांगतील ते करायला तयार.

"डोंगरावर बांबूच्या भाड्यानं मिळतात का बघा," दादासाहेब मला म्हणाले, "आणि पुण्याला फोन लावा." एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले.

रोषणाई बांबूवर झाली आणि चांगली झाली. पुण्याहून नव्या शिड्या आल्या. बसाण्णांनी रंगवलेल्या शिड्या कापल्या त्या दिवशी मी मुद्दाम जवळ जाऊन विचारलं, "आतून कशा निघाल्या?"

त्यांनी तुकडा उजेडात धरून सगळीकडून बघितला. "ब्येस निघाल्या. अजून दोन वर्षं गेल्या असत्या."

"मग?"

"मग काय? चांगल्या निघाल्या ते बरंच की. वाईट निघाल्या असत्या तर तुला बरं वाटलं असतं व्हय?"

दादासाहेबांना त्यांनी हे जसंच्या तसं जाऊन सांगितलं. केबिनमधून दादासाहेबांचं हसणं ऐकू आलं. ते लवकर थांबलं नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, फर्मला दुसरी जीप आली, सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले. बसाण्णा साठी ओलांडूनही गोदामात होतेच, कारण त्यांना जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. कळंब्याला त्यांची एक भाड्याची खोली होती. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "ऱ्हाऊन गेलं." एखादा निरोप पोचवायचा राहून जावा, तसं.

आमच्या गोदामाच्या मागच्या भिंतीपलीकडं सुमनताई राहायला आल्या त्या याच सुमारास. शिवणकाम करायच्या. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन सांगलीला. त्यांच्या परसात शेवग्याचं एक उंच झाड होतं. एक दिवस त्या फाटकातून आत आल्या. बसाण्णा नेमके एक बाद शिडी कापत होते.

"आण्णा, ती अर्धी मला दिलासा तर? शेंगा झाडावरच वाळून जात्यात."

मी कान टवकारले. मयताचं वाक्य आता येणार. बसाण्णांनी तोंडावरचा पंचा खाली केला.

"न्हाय देता येत, ताई," ते म्हणाले, आणि एवढंच म्हणाले.

"बरं," म्हणून सुमनताई गेल्या. बसाण्णा करवत हातात धरून थोडा वेळ तसेच उभे होते.

पुढच्या रविवारी सकाळी मी गोदामात गेलो. आदल्या दिवशी चष्मा टेबलावर विसरला होता. आत गेलो तर भिंतीवरची एक शिडी जागेवर नाही. तीही सगळ्यात नवी. जी शिडी कामाशिवाय दाराबाहेर जायची नाही ती रविवारी गेली कुठं? चोरी झाली म्हणून मी फोन काढला, तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला. मी एका खोक्यावर चढून डोकावलो.

शेवग्याच्या बुंध्याला आमची पिवळी शिडी लावलेली. तिच्यावर बसाण्णा. इतक्या वर्षांत त्यांना शिडीवर चढलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि आता त्याचं कारणही दिसत होतं. माणूस उंचीला भीत होता. एका हातानं शिडी गच्च धरलेली, दुसऱ्या हातात आकडी बांधलेली काठी, पाय लटलट कापत होते. खाली सुमनताई पदर खोचून, दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या.

"खाली बघू नगासा, आण्णा."

"बघत न्हाय. धरलंय न्हवं?"

"धरलंय."

एक शेंग पडली. मग तीन-चार एकदम. सुमनताईंनी शिडी सोडून एकही शेंग उचलली नाही. बसाण्णा मधूनमधून विचारायचे, "धरलंय न्हवं?" आणि त्या दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायच्या, "धरलंय की."

हळूहळू त्यांच्या पायांचं कापणं थांबलं. खाली शेंगांचा हा ढीग पडला. एकट्या बाईला महिनाभर पुरल्या असत्या.

"आता बास की, आण्णा," सुमनताई म्हणाल्या. "आकडी पोचतीया तिथल्या समद्या झाल्या. उतरा, च्या टाकतो."

"हां, उतरतो."

पण ते उतरले नाहीत. आकडी फांदीला अडकवून ठेवली, शिडीवर तसेच टेकून उभे राहिले आणि पलीकडच्या पत्र्यांवरून लांब कुठंतरी बघत राहिले. सुमनताईंनीही पुन्हा उतरा म्हटलं नाही. त्या शिडी धरून उभ्या होत्या.

मी खोक्यावरून खाली उतरलो आणि आवाज न करता गोदामाचं दार ओढून घेतलं.