तारआप्पांची विलायत

लोंढा स्टेशनातून दुपारच्या दोन-तीन तासांच्या फिरतीला निघताना तारआप्पा सगळ्यांचा असा निरोप घेत, की नवख्याला वाटावं, हे गृहस्थ आता काशीला देह ठेवायला निघाले. खांद्यावर वळकटी, हातात फिरकीचा तांब्या, आणि भर उन्हाळ्यातही गळ्याभोवती मफलर. स्टेशनमास्तरांच्या दारात थांबून म्हणत, "येतो मास्तर. काय अधिक-उणं बोलणं झालं असंल तर मनात ठेवू नका." मास्तर मान वर न करता हात हलवत. मग हमाल, मग रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, शेवटी फलाटावरचं लंगडं कुत्रं. "येतो रं बाबा. सांभाळून ऱ्हा."

आणि संध्याकाळच्या गाडीआधी परत.

येताना भेटी असत. पळसाच्या पानात करवंदं, नाहीतर एखादा गुळगुळीत दगड. "गुंजीच्या वाटंवरचा हाय. लई लांबनं आणलाय." मास्तरांच्या टेबलावर असे इतके दगड जमले होते, की ते म्हणत, "आप्पा, आता दाबायला कागद पुरेनात." आप्पा हसत. "माझ्यामागं सगळं ठीक?" असं विचारत, आणि मग उगाच तिथंच रेंगाळत. वळकटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, एकेकाच्या तोंडाकडे बघत. काहीतरी विसरल्यासारखे. मग आत जाऊन तारेच्या यंत्रावर बसत.

तारबाबूची नोकरी म्हणून तारआप्पा. मूळचे निपाणीकडचे. मी घाटाखालचा, फिरंगी मुलखातल्या सांग्याजवळचा. चार इयत्ता झाल्या आणि पुढं पाटी सुटली ती सुटलीच. मोठा झाल्यावर चुलत्यानं या इंग्रजी मुलखात आणून सोडलं. मास्तरांनी सिग्नलच्या बत्त्यांचं काम दिलं. त्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही, पण तेव्हा त्या उपकारांची मला भीतीच जास्त वाटे. गाव तसं लांब नव्हतं. घाट उतरला की आलंच. पण मधे मुलूख बदलत होता, आणि मी गेलो नि बत्त्या दुसऱ्या कुणाच्या हाती गेल्या म्हणजे? तीन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. आई गार्डाबरोबर निरोप धाडी, एकदा तोंड दाखव. मी त्याच गार्डाबरोबर सांगून पाठवी, पुढच्या महिन्यात.

बत्त्या सकाळी पुसायच्या, सांजेला लावायच्या. मधली दुपार मोकळी. आप्पांनी ती हेरली.

"चल, विलायतेला जाऊन येऊ."

"विलायतेला?"

"सायेब लोक वर्षाकाठी जात्यात, आपण आठवड्याला जाऊ. तू परमुलखातला, मीबी परमुलखातलाच की रं. आमच्याकडं असलं रान कुठलं? नुसता तंबाकूचा वास."

सागाच्या रानातून आम्ही चालत असू. पानं इतकी मोठी, की खाली पडताना कुणी हळूच वही मिटल्यासारखा आवाज होई. ऊन हिरवं होऊन खाली उतरे. रुळांच्या कडेला तारेचा खांब दिसला की आप्पा तांब्यानं त्यावर टकटक करत. "पुढच्या गावाला कळवलं. दोघं येत्यात, चा ठेवा." मग डोळे मिटून खांबाला कान लावत. "ठेवलाय म्हणत्यात." आणि मला खरोखर कुठूनतरी चहाचा वास येई.

सुरुवातीला आम्ही नदीपर्यंत जात होतो. मग तिनईघाटाच्या बाजूला. मग त्याच वाटेनं अजून थोडं पुढं. "अजून जरा. विलायत पुढंच हाय." आपण दर खेपेला मावळतीकडंच सरकतोय, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

एका हिवाळ्यात गार्डाच्या डब्यातून त्यांनी मला हद्दीवरच्या कॅसलरॉक स्टेशनावर नेलं. स्टेशनामागच्या पायवाटेनं कड्यावर गेलो. खाली सगळं धुकं. बसून राहिलो. धुकं दुधावरच्या सायीसारखं एका बाजूनं गोळा होत गेलं, आणि खाली माझा मुलूख दिसला. माडांची झुलपं, नदीची एक चकचकीत रेघ.

आप्पांनी वळकटी सोडली. तिच्यात काय असतं हे लोंढ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत माझंच धुतलेलं धोतर निघालं, माझा सदरा, आणि एक कोरा खण.

"खण आईला. रिकाम्या हातानं जाऊ नको. खाली जाणारी गाडी यायचीय अजून. मास्तरांना इचारलंय."

मी म्हटलं, "आणि बत्त्या?"

"मी लावतो."

"तुम्ही? शिडीवर चढून?"

"तार वरनंच जाती न्हवं? मला उंचीचं काय सांगतोस?"

घाबरलो की मी चिडतो. म्हटलं, "एवढं आहे तर तुम्हीच निपाणीला जाऊन या की. तुम्ही का जात नाही?"

आप्पा वळकटी पुन्हा गुंडाळू लागले. "गेलतो की. पलेगाच्या साली. दाराला कुलूप होतं. घरातली सगळी आधीच गेलती." दोरी आवळली. "आत कोण न्हाय म्हटल्यावर 'आलो' म्हणून हाक कुणाला मारायची? तसाच परत फिरलो." मग वळकटी माझ्या खांद्यावर ठेवली. "जा. गाडी चुकंल."

आई दारातच बसून नारळ सोलत होती. तिनं हात थांबवला आणि एवढंच म्हणाली, "आयलो रे पुता?" त्या एका 'आलास?'नं तीन वर्षांच्या भीतीचं पाणी झालं. रात्रभर डोळ्यांपुढं आप्पा येत राहिले, फलाटावर खांदे बदलत, एकेकाचं तोंड बघत.

चार दिवसांनी परतलो तर बत्त्या माझ्याच होत्या, फक्त काचा काळ्याठिक्कर. मास्तर म्हणाले, "तुझा आप्पा रोज शिडीवर चढताना माझा निरोप घ्यायचा."

पुढच्या खेपेला ते एकटेच विलायतेला गेले. मी काचा घासत होतो. ऊन कललं तसे सागाच्या रानातून मफलर, तांब्या, वळकटी असे एकेक दिसू लागले. फलाटावर चढून त्यांनी नेहमीचं विचारलं, "माझ्यामागं सगळं ठीक?"

मी हातातली काच खाली ठेवली.

"आलात, आप्पा?"

ते तिथंच थांबले. वळकटी या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली नाही. ती त्यांनी बाकावर उतरवली आणि शेजारी बसले.

"व्हय," म्हणाले. "आलो."

आत यंत्र कडकडत होतं. आप्पा जरा वेळ बसूनच राहिले.