विद्वांसांची शेवटची ड्यूटी

उद्या पाणी येणार नाही, ही बातमी आमच्या इमारतीत सर्वांत आधी मला कळते. ती मला विद्वांस सांगतात, आणि सांगून झाल्यावर इकडेतिकडे बघून म्हणतात, "हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही." पोळ्यांच्या बाई गावाला जाणार आहेत, कोपऱ्यावरच्या दुकानातला हापूस हापूस नाही, तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा नोकरी सोडून घरी बसला आहे. यातलं काहीही विद्वांसांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

नारायण पेठेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहतात. पंच्याहत्तरीला आलेले, सडपातळ, गर्दीत दिसूनही लक्षात न राहणारे. खडकीला सरकारच्या कुठल्याशा ऑफिसात त्यांनी नोकरी केली. कुठलं ऑफिस, असं विचारलं की ते हवामानाबद्दल बोलायला लागतात. माझी बायको नीला त्यांना 'आपले हेरसाहेब' म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं.

अमृततुल्यमध्ये ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतात. ती जागा रिकामी नसेल तर चहा न घेता परत येतात. दूध आणायला रोज वेगळ्या गल्लीने जातात आणि तिसऱ्याच गल्लीने येतात, त्यामुळे मे महिन्यात त्यांचं दूध कधी कधी घरी पोचेपर्यंत नासतं. बाहेर पडताना दाराच्या फटीत काडेपेटीतली काडी अडकवून ठेवतात. परत आल्यावर ती खाली पडलेली दिसली, की आपल्यामागे कोणीतरी आत जाऊन गेलं असं समजायचं. काडी रोज पडलेली असते, कारण पोळ्यांच्या बाईंकडे किल्ली आहे. तरी विद्वांस रोज दारात थबकतात, कान देऊन ऐकतात, मग हळूच आत जाऊन पोळ्यांचा डबा उघडून बघतात.

गेल्या वर्षी नीला गेली. मी नोकरी केली ती कॉलेजच्या ग्रंथालयात, त्यामुळे शांतता मला नवीन नव्हती. पण ग्रंथालयातल्या शांततेत आजूबाजूला माणसं असतात. घरातली शांतता मला सोसेना. रोज संध्याकाळी मी कुलूप लावून नदीवरच्या पुलावर जायला लागलो. पूर्वी आम्ही दोघं तिथे शेंगदाणे खात उभे राहायचो. आता मी एकटाच कठड्याला टेकून, पाण्याकडे बघत, दिवे लागेपर्यंत उभा राहायचो. उडी मारायचं मनात होतं का? नव्हतं. पण कोणी विचारलं असतं, तर उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला असता.

कोणी विचारलं नाही. आणि मागे वळून बघायची मला सवय नाही. नाहीतर ऐन चैत्रात माकडटोपी घातलेला एक गृहस्थ रोज माझ्या मागून चालत येतो, आणि मी थांबलो की तोही थांबतो, हे माझ्या केव्हाच लक्षात आलं असतं. पेठेतल्या बाकी सगळ्यांच्या ते लक्षात आलं होतं. इस्त्रीवाला त्याला रोज विचारायचा म्हणे, "काय विद्वांस, टोपी घालून कुठे निघालात?"

या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. पंखा बंद, घर तापलेलं. मी नेहमीच्या वेळेच्या बराच आधी बाहेर पडलो. फोन टेबलावरच विसरलो. सावली धरून चालताना एका थिएटरच्या दारातून गार वारा अंगावर आला, आणि कुठला सिनेमा आहे हे न बघता मी तिकीट काढून आत जाऊन बसलो.

सिनेमा निवृत्त हेरांचा होता. कोकणात सुपारीची बाग करून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना त्यांचं खातं परत कामावर बोलावतं, आणि त्यांच्या मागे बंदुका घेतलेली माणसं लागतात. एक म्हातारा धावत्या ट्रकच्या टपावर मारामारी करत असताना त्याची रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ होते. तो गुंडाला हातानेच थांबायची खूण करतो, गोळी घेतो, पाणी पितो, गुंडालाही विचारतो, आणि मग पुढचा ठोसा मारतो. मी हसलो. आपल्याच हसण्याचा आवाज ऐकून मला जरा कसंतरीच झालं. नीला गेल्यानंतर तो मी ऐकलाच नव्हता. मग मी आणखी हसलो.

दिवे लागायच्या सुमारास घरी आलो, तर फाटकाशी गर्दी. मधोमध विद्वांस. माकडटोपी डोक्यावर, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, आणि छातीशी घट्ट धरलेली रबरी चपलांची जोडी. शेजारी एक जाडजूड, घामाघूम झालेले गृहस्थ, ज्यांना मी कुठेतरी पाहिलं आहे असं मला वाटलं. आणि त्या दोघांसमोर एक अनवाणी माणूस, जो आपल्या चपला परत मागत होता.

विद्वांसांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुठे होतात?"

"सिनेमाला."

"तिकीट दाखवा."

मी खिशातून अर्धं फाडलेलं तिकीट काढून दिलं. त्यांनी ते पुढून बघितलं, मागून बघितलं, उजेडाकडे धरून बघितलं. मग ते पायरीवर बसले आणि माकडटोपी नाकाच्या खालपर्यंत ओढून घेतली.

"आता तरी देता का चपला?" अनवाणी माणूस म्हणाला.

झालं होतं ते मला त्या जाडजूड गृहस्थांनी सांगितलं. ते गायकवाड, विद्वांसांबरोबर त्याच ऑफिसात होते आणि अजून खडकीलाच राहतात. संध्याकाळी विद्वांस माझ्यामागे निघायच्या तयारीत आले, तर माझ्या दाराला कुलूप, आणि मला फोन लावला तर तो आत वाजतोय. ते गायकवाडांना फोन करून पुलावर धावले. कठड्याशी मी नाही. खाली काठाला मात्र कोणीतरी काढून ठेवलेल्या चपला. विद्वांसांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, तरी ते घसरत नदीकाठी उतरले, चिखलात शिरून हाका मारत राहिले, आणि शेवटी पुरावा म्हणून चपला उचलून निघाले. पुढे जरा लांब गळ टाकून बसलेल्या माणसाने ते पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे चाललेल्या विद्वांसांचा पहिल्यांदाच कोणीतरी पाठलाग केला, तोही अनवाणी आणि शिव्या देत, आणि घर येईपर्यंत त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"मागे बघायचं सुद्धा भान राहिलं नाही याला," गायकवाड म्हणाले. "नोकरीत असता तर घरी बसवला असता."

"पण तुम्ही माझ्यामागे का?" मी विचारलं.

विद्वांस टोपीच्या आतून बोलले. "वहिनींनी सांगितलं होतं. दवाखान्यात. ह्यांच्याकडे लक्ष ठेवा, म्हणाल्या. ह्यांना कळू देऊ नका, कोणी कीव केलेली ह्यांना चालत नाही."

"निवृत्त माणसाला ड्यूटीवर बोलावलं वहिनींनी," गायकवाड म्हणाले. "याचे गुडघे दुखले की मी यायचो, खडकीहून बस धरून. तुम्ही साहेब, चालता फार सावकाश. इतक्या सावकाश माणसाच्या मागे राहणं सोपं नसतं. पेपर वाचून वाचून माझा चष्म्याचा नंबर वाढला."

आणि मला हसू आलं. आत्ताच थिएटरात बघून आलेली गोष्ट फाटकात पुन्हा चालू होती, फक्त ट्रक नव्हता. दोघांनाही माझं हसणं आवडलं नाही, म्हणून मी त्यांना सिनेमा सांगितला, आणि रविवारी दाखवायलाही नेलं. विद्वांस शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ लावून बसले. पडद्यावर पहिली गोळी सुटल्यावर ते म्हणाले, "पाठलागात कधी पळतात का?" पुढे दर पाच मिनिटांनी काहीतरी चुकत होतं. रक्तदाबाच्या गोळीच्या प्रसंगाला मात्र त्यांनी खिसा चाचपला आणि आपली गोळी घेतली. गायकवाड इतके हसले, की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून, आपण घरी टीव्ही घेतलेला नाही का, असं त्यांना विचारलं.

बाहेर पडल्यावर विद्वांस म्हणाले, "आता तुम्हाला कळलं. म्हणजे ड्यूटी संपली."

दुसऱ्या दिवशी मी फिरायला निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून बघितलं. गल्लीत इस्त्रीवाला होता, एक स्कूटर होती. मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत येऊन विद्वांसांची बेल वाजवली. ते बूट घालून, कपडे करून, खुर्चीत नुसते बसलेले होते.

"चला," मी म्हटलं.

ते निघाले, पण चार पावलांतच मागे पडले. मी थांबलो, तर तेही थांबले आणि एका भांड्यांच्या दुकानाच्या काचेत बघायला लागले. मी पुढे गेलो, तर ते मागून यायला लागले. असं दोनदा झालं. शेवटी मी मागे जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. काचेत कुकर होते, आणि त्यांच्यावर आमची दोघांची प्रतिबिंबं.

"मला शेजारी चालता येत नाही हो," ते म्हणाले. "आमची ही म्हणायची, तुमच्याबरोबर फिरायला गेलं, की मी एकटीच फिरून येते." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. पण संध्याकाळी कोणाच्या तरी मागे जायचं असलं, की दिवस बरा जातो."

तेवढ्यात दुकानदार दारात आला. काही घ्यायचंय, की काच पुसून देऊ म्हणजे नीट दिसेल, असं त्याने आम्हाला विचारलं. आम्ही दोघं एकदमच निघालो, आणि घाईत विद्वांसांना मागे राहायचं सुचलं नाही.