दगुमामांचा ठोका

आमच्या गल्लीतले दगुमामा कुठल्याही दारातून आत जाण्याआधी उजवा पाय जोरात आपटायचे. धप्प! मग मान तिरकी करून, आतून काही येतंय का ते ऐकत उभे राहायचे. देऊळ असो, बँक असो नाहीतर केस कापायचं दुकान. एका हळदीला मांडवाच्या तोंडाशी त्यांनी असा पाय आपटला की ताशेवाल्याला वाटलं, मामांना नाचायचंय. त्याने लगेच ताशा धरला. मामा मान तिरकी करून तसेच उभे.

"दगूभाऊ, फरशी हलायला लागली आमची," आई त्यांना म्हणायची. "कडी वाजवत जा की."

"कडी कानाला ऐकू येती, ताई. ठोका पायाला ऐकू येतो."

"तुमचे पाय लय शहाणे," म्हणत आई चहा टाकायची.

मी हसायचे. पण कधीकधी घरात एकटी असताना दारात तो ठोका पडायचा आणि मामा इतका वेळ गप्प उभे राहायचे, की मीही मागच्या रिकाम्या खोलीकडे वळून बघायचे. मामा नक्की कुणाच्या उत्तराची वाट बघतायत, हे विचारायचा धीर व्हायचा नाही.

मामा मूळचे सायखेड्याचे. ज्या कंपनीत पॅकिंगला होते, ती गेल्या उन्हाळ्यात जळाली. कामगारांसाठी सरकारने एका बंद पडलेल्या शाळेत मदत केंद्र उघडलं. खाली अर्ज आणि नवीन कामाची सोय, वरच्या मजल्यावर समुपदेशनाच्या मॅडम. आगीतून वाचलेल्यांनी मॅडमशी एकदा बोलायचं, मगच नव्या कामाची चिठ्ठी मिळायची. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून मामांसोबत मला पाठवलं. सरकारी माणसांशी कसं बोलायचं ते मलाही कुठे माहीत होतं!

त्या शाळेचा वरचा मजला लाकडी फळ्यांचा. मामांनी मॅडमच्या दारात पाय आपटला आणि सगळा मजला घुमला. खिडकीतली कबुतरं उडाली. खालच्या हॉलमधली माणसं बोलता बोलता थांबली.

"या ना मामा, आत या," मॅडम आतून म्हणाल्या.

मामा हलले नाहीत. तळपाय फळीवर दाबून ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "उत्तर नाय आलं. चल."

"अहो मामा, त्या बोलावतायत!"

"ते तोंडानं. तोंडाचं काय खरं नाय."

पुढच्या खेपेलाही तेच. खालचे साहेब वैतागले. "एका गोदामात यांच्यासाठी जागा धरून ठेवलीय. उद्यापर्यंत चिठ्ठी नाही गेली तर ती दुसऱ्याला जाईल. सांगा तुमच्या मामांना, मॅडम काही चावत नाहीत."

घरी परतताना रिक्षात मामा आपणहून बोलले.

"आमच्यात पोपट होता. नाव पोपट आणि जन्मापासून मुका, बहिरा. लय हसायचो आम्ही. तोही हसायचा. पॅकिंगचा माळा लाकडी. त्याला बोलवायचं तर फळीवर पाय आपटायचा. तो उलट पाय आपटायचा, म्हणजे आलो." मामांनी उपरण्याने तोंड पुसलं. "आग लागली तवा जिन्यात उभा राहून मी ओरडलो. आत कोण हाय का, आत कोण हाय का. घसा फुटंस्तोवर ओरडलो, पोरी. कोणी ओ दिली नाय. म्हणलं, माळा रिकामा."

रिक्षा गल्लीत वळली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी मामांच्या आधी वर गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्या काही बोलायच्या आतच दारात ठोका पडला. धप्प!

बाहेर मामांचा श्वास ऐकू येत होता. मग मॅडमनी माझ्याकडे बघितलं, चप्पल काढली आणि फळीवर पाय आपटला.

दार उघडलं. मामा आमच्याकडे बघतच नव्हते. ते कोपऱ्यातल्या मोडक्या बाकाकडे गेले. तिथे कुणीच नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, मनगट धरावं तशी बोटं मिटली आणि मान जिन्याकडे हलवली. चल. तोंडातून शब्द नाही. तसेच हात धरून ते बाहेर पडले.

जिना करकरला. मी पावलं ऐकत होते. मला ती दोघांची वाटली. मॅडमनाही वाटली असावीत, कारण त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

खिडकीतून दिसलं, मामा पटांगण ओलांडून कडुनिंबाखाली गेले. तिथे त्यांनी मूठ सोडली. खांद्यावरच्या उपरण्याने हवेत कुणाचं तरी तोंड पुसलं.

मग ते वर आले. दारात थांबले नाहीत, पाय आपटला नाही. सरळ येऊन मॅडमसमोर खुर्चीवर बसले.

"हां, विचारा मॅडम आता," मामा म्हणाले. "तो बसलाय खाली सावलीला."