अन्वर सरांचा राहिलेला पोर्शन

आमच्या गच्चीवरच्या दोरीवर माझी लुगडी वाळतात आणि त्यांच्या शेजारी एका राक्षसाचा डावा हात वाळतो. खरा हात नव्हे, चिठ्ठी. तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘राक्षसाचा डावा हात हलत नाही.’ पुढच्या चिमट्याला ‘बैल उलटा चालतो.’ त्याच्या पुढे ‘पुलाखालचं पाणी वर जातं.’ लातूरला माझ्या घरात क्लासची पोरं भाड्यानं राहतात. नवं पोरगं कपडे वाळत घालायला वर गेलं की तसंच बादली घेऊन खाली येतं.

"आज्जी, वर कोण राहतंय?"

वर अन्वर सर राहतात. जगाचे सर, माझा अन्वर. जुना भाडेकरू, चाळिशीला टेकलाय, लग्न केलेलं नाही, आणि एका क्लासमध्ये गणिताचे डाऊट सोडवतो. क्लासवाल्यांनी त्याला हुशार पोरांची बॅच देऊ केली होती. हा म्हणाला, "हुशारांना मी कशाला पाहिजे?" आणि मागं राहिलेल्या पोरांच्या टेबलावर जाऊन बसला. तेच गणित पुन्हा पुन्हा सांगतो. मी असते तर दुसऱ्या वेळेला चापट मारली असती.

क्लासवरून आला की तो खेळ बनवतो. कॉम्प्युटरवर खेळायचा खेळ. मूळ खेळ परदेशातल्या कुठल्या कंपनीचा, जुना, टीव्हीला डबा जोडून खेळायचा. दोन गडी एका किल्ल्यावर वर वर चढत जातात. कंपनीनं त्याचा पुढचा भाग काढलाच नाही. अन्वरला तो खेळ इतका आवडायचा की त्यानं ठरवलं, कंपनी काढत नाही तर आपण काढू. विकायचा नाही, फुकट वाटायचा. "दुसऱ्याच्या गड्यांवर आपलं घर भरायचं न्हाई, आक्का," हे त्याचं म्हणणं. त्याच्यासारखे खुळे जगभर आहेत. एक ब्राझील देशातला आहे, तो सारखा विचारतो, झालं का? अन्वर त्याला आणि मला एकच उत्तर देतो.

"थोडाच पोर्शन बाकी हाय."

राहिलेलं काम दोरीवर टांगायची पद्धत त्याचीच. डाव्या खांबाशी नवी चिठ्ठी लावायची, काम होईल तशी उजवीकडे सरकवायची, उजव्या खांबाशी पोचली की फाडायची. मी म्हणाले, "वहीत लिही की."

"वही मिटता येती. दोरी रोज दिसती."

एकदा मी ओली गोधडी टाकली तर चिठ्ठ्यांची शाई उतरली. अन्वर धावत आला. "आक्का, तुमच्या गोधडीनं माझा किल्ला बुडवला!"

"मग तुझा किल्ला घरात बांध. दोरी माझी हाय."

त्या खेळात किल्ल्याखाली एक म्हातारी आहे, गड्यांना भाकर देते. तोंडावळा माझाच, विचारलं तर म्हणतो योगायोग. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी म्हणाले, "जिवंतपणी भूत करायलास व्हय रे मला?" ती चिठ्ठी त्यानं बाकीची कामं सोडून आधी उजव्या खांबाला नेली. मग तपासायला मलाच बसवलं. मी चौथी शिकलेली बाई, पण पुलावरून मी कधी पडले नाही. क्लासची पोरं रोज पडतात. मी तसं त्यांना सांगतेही.

पोरं त्याला छळतात. "सर, बॉम्ब टाकला तरी तुमची भिंत पडत कशी न्हाई?"

"माझ्या खेळात भिंत पडणार न्हाई. विषय संपला."

सगळ्या चिठ्ठ्या सरकल्या, एक सोडून. ती डाव्या खांबालाच. उन्हानं अक्षर उडालं की अन्वर ती नव्यानं लिहायचा, ‘खालचा मरू नये.’

त्याची गोष्ट अशी. मूळ खेळात दोघांपैकी एक भराभर वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो. खाली राहिलेला गडी पडद्याबाहेर जातो आणि मरतो. त्याला कोणी मारलेलं नसतं. मागं राहिला एवढाच गुन्हा. अन्वरला तेवढं बदलायचं होतं. त्यानं पडदा मोठा केला, तर गडी मुंग्यांएवढे झाले. मग दोघांना दोर बांधला, तर वरचा खालच्याला पोत्यासारखा फरफटत नेऊ लागला. पोरं हसून लोळली. अन्वर हसला नाही.

अशात त्याच्या भावाचा फोन आला. हमीद, थोरला, कॅनडात असतो. हैदराबादला कामासाठी येणार होता, जाताजाता एक दुपार लातूरला. अन्वरनं फोन ठेवला तो थेट दोरीपाशी गेला. हमीद यायच्या आत खेळ पुरा झाला पाहिजे.

पोरांनी सल्ला दिला. "सर, एकट्याचा करून टाका. दुसरा गडीच काढा. पोर्शन कम्प्लीट!"

"एकट्यानं द्यायची ती परीक्षा असती," अन्वर म्हणाला. "खेळ न्हाई."

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, एका गड्यासाठी सगळं अडवून बसलास. काय एवढं?"

तेव्हा तो बोलला. लहानपणी, भूकंपानंतर, ते दोघं भाऊ पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. मदतीच्या ट्रकातून वाट्टेल ते यायचं. एकदा टाय आले, उंच टाचेच्या चपला आल्या, आणि कुणाच्या तरी घरचा टीव्ही आणि हा खेळ आला. हमीद पहिला रिमोट घ्यायचा, अन्वर दुसरा. हमीद झपाझप चढायचा. अन्वर दरवेळी खाली मरायचा. मग हमीद शिकायला गेला, नोकरीला गेला, समुद्रापार गेला.

"त्याचा दोष न्हाई, आक्का. खेळच तसा व्हता."

एवढंच सांगितलं. त्यांची आई भिंतीखाली गेली, हे मला औशाच्या बाजारात त्यांच्या गावच्या माणसानं सांगितलेलं आहे. अन्वरनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

हमीद आला तेव्हा बाहेर भाड्याची गाडी चालू ठेवूनच आला. चांगला माणूस. मला वाकून सलाम केला, घड्याळ बघितलं, चहा नको म्हणाला. अन्वरनं त्याच्या हातात पहिला रिमोट दिला.

"अजून हे खेळतोस?" हमीद हसला. पण बोटं विसरली नव्हती. गडी सरसर चढला. पूल गेला, बैल गेला, पहिला बुरूज गेला. अन्वरचा गडी खालीच. दुसऱ्या बुरुजावर हमीद दाबतो, दाबतो, पडदा हलेना. शत्रूही होते तिथंच थांबले.

"अन्वर, तुझं अडकलं रे."

मी लसूण सोलत होते. तिथूनच मी बोलले.

"अडकलं न्हाई. थांबलंय. खालचा आल्याशिवाय जाणार न्हाई ते. ह्यानं तसं बनवलंय, आणि ह्याच्याआधी कुणाला जमलेलं न्हाई."

हमीदनं पडद्याकडे बघितलं. त्याचा गडी बुरुजाच्या काठावर बसला होता, खाली हात सोडून. अन्वरचा गडी खालून एकेक दगड धरत येत होता. त्यानं बटण दाबायचं थांबवलं. मग म्हणाला, "शेडमध्ये तू रडायचास, मी बघायचो न्हाई."

"रडत नव्हतो. पत्रा तापायचा, डोळे चुरचुरायचे."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. परत वाजवला. अन्वर घाईनं चढायला लागला आणि घसरला.

"वाजवू दे त्याला," हमीद म्हणाला. बूट काढून त्यानं सतरंजीवर मांडी घातली. "तू सावकाश ये."