बूट खाली, नाच वर

टॅप डान्स मला येतो, असं मी घरात छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा श्वेताने मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. चौदा वर्षांची माझी लेक! हॉलिवूडच्या जुन्या नाचगाण्यांच्या सिनेमांवर माझा भारी जीव. त्यातली माणसं नोकरी गेली तरी नाचतात आणि बघणाऱ्याला वाटतं, होईल सगळं ठीक. श्वेताने माझ्याशेजारी बसून त्यातला एक तरी बघावा, एवढीच माझी इच्छा. ती म्हणायची, "बाबा, ते खूप ओल्ड आहे."

म्हणून ठरवलं, मस्कतमधल्या आमच्या बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमात असा नाचेन की पोरगी सिनेमा मागत येईल! टॅपच्या बुटांना तळाशी लोखंडी पट्ट्या लागतात. त्या मी इथल्या गाला भागातल्या महमूदभाईंच्या गॅरेजमध्ये बसवून घेतल्या. रत्नागिरीचा माणूस, काम दणकट.

"अतुलशेठ, ट्रकचे स्क्रू मारलेत. बूट फाटेल, पण पट्टी नाय सुटायची."

महिनाभर घरात सराव केला. पाण्याचा पाइप ठोकतोय असं समजून खालच्या मजल्यावरचे रमण दोनदा प्लंबर घेऊन आले. श्वेता म्हणाली, "बाबा, प्लीज, स्टेजवर नको ना. माझे सगळे फ्रेंड्स येणार."

कार्यक्रमात माझं नाव पुकारलं. मी ऐटीत पायरीशी गेलो, तर समितीचे अध्यक्ष भानुदासकाका आडवे आले.

"बूट खाली, अतुल. वर बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे."

"काका, पण हा बुटांचाच नाच आहे."

"आणि हा बोर्ड कुणी लिहिलाय?"

'मंचावर पादत्राणे नेऊ नयेत.' अक्षर माझंच. दर वर्षी मीच लिहितो.

संगीत सुरू झालं होतं. मी मोज्यांवरच वर गेलो आणि नाचू लागलो. आवाज शून्य. पायाला मुंग्या आल्यासारखा मी नुसताच पाय झटकत होतो. तिसऱ्या गिरकीला मोजा घसरला आणि मी बसलोच. हॉल हसला. मी श्वेताला शोधलं, तर तिची खुर्ची रिकामी. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात मंचाखालून खडखडाट आला. श्वेता फरशीवर बसली होती, माझे बूट दोन्ही हातांत घालून, आणि बरोबर माझ्या नाचाचे ठोके देत होती! महिनाभर ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं.

"बाबा, ऊठ ना," ती ओरडली. "यल्ला, चल!"

मी उठलो आणि तिच्या ठेक्यावर शेवटपर्यंत नाचलो. टाळ्या खूप पडल्या, अर्थात तिला.

शुक्रवारी दुपारी तिने आपणहून सिनेमा लावायला सांगितला आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली. अख्खा बघितला. दोन गाणी तर परत लावली म्हणे. हे सगळं मला तिच्या आईने सांगितलं, कारण पहिल्याच गाण्याला मी घोरायला लागलो होतो.