तुर्दुबेकची सर्व कामं पूर्ण झाली

"फोन म्हणजे मेंढरू! एकदा कान हातात आला की पळून जाईल कुठे?" असं तुर्दुबेक डोंगरातल्या नारीन गावच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटला होता. "माझा सगळा दिवस आता ॲप चालवतं! एक काम राहत नाही!"

बढाई मारायला वय लागत नाही, आणि बासष्टाव्या वर्षी माणसाजवळ दुसरं उरतं तरी काय? वर्षापूर्वी बायको, बुबुइरा, देवाघरी गेली. घरात राहिले तिघं: तुर्दुबेक, एक गाय आणि फोन.

लेक झिपार मॉस्कोत शिवणकारखान्यात. आईच्या मातीला तिला येता आलं नाही. मालकानं रजाच दिली नाही. तेव्हापासून तिच्या जिवाला एकच घोर: बाप तरी धड असू दे. म्हणून तिनं त्याच्या फोनमध्ये ते ॲप घालायला लावलं. त्यात दिवसाची यादी. गोळी घेणे. गरम जेवणे. अर्धा तास चालणे. कुणाशी तरी बोलणे. काम झालं की चौकटीवर बोट टेकवायचं. तिकडे झिपारच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. तिचीही यादी बापाला दिसे. जेवले. वेळेत झोपले.

खुणा एकूण एक हिरव्यागार! आणि एकूण एक खोट्या. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार? चहात पाव बुडवायचा, उभ्या उभ्या खायचा, 'गरम जेवणे'वर बोट टेकवायचं. 'कुणाशी तरी बोलणे' गाईवर भागायचं. गोळ्या कडू म्हणून पाकिटातच नांदत होत्या. पण पोरीनं एक दुःख गिळलंय, दुसरं आपल्या हातानं तिच्या ताटात वाढायचं नाही, एवढं एकच त्याचं मागणं होतं. रोज नमाजानंतर तो तेवढंच मागायचा.

वसंतात खिंडीतलं बर्फ उतरलं. खिंडीपलीकडच्या जुन्या गावात बुबुइराची कबर. थंडीत दगड कलला असेल, सरळ करायला हवा. पण झिपारनं शपथ घातली होती: गुडघा असला, छाती तसली, खिंडीचा रस्ता धरायचा नाही!

तुर्दुबेकनं फोन शेजारच्या कासिमालीच्या हातात ठेवला. कासिमाली म्हणजे पाच वेळांचा नमाजी, लोण्याहून मऊ माणूस.

"दोन दिवस माझ्या खुणा तू कर. आणि पोरीला पत्ता लागू देऊ नकोस."

"अरे, खोटं बोलायला लावतोस?"

"खोटं कशाला? पडसं झालंय, झोपलाय म्हण. पडसं मला आहेच. हे बघ, आँ-छी!"

मालवाहू गाडी त्याला घेऊन गेली. कासिमाली फोन घेऊन बसला. आजच्या खुणा केल्या. मग त्याला वाटलं, पुण्याचं काम उद्यावर का टाका? उद्याच्या केल्या. परवाच्या केल्या. गोडी लागली! चहा थंड होईपर्यंत त्यानं पुढच्या बर्फापर्यंतच्या सगळ्या खुणा उरकल्या.

मॉस्कोत झिपारच्या फोनवर, शिलाईच्या खडखडाटात, निरोप उतरला: 'अभिनंदन! तुर्दुबेक यांची सर्व कामं पूर्ण झाली. आता एकही काम शिल्लक नाही.'

तिनं लगेच फोन लावला.

"बाबा?"

"मी कासिमाली, बेटी."

"बाबांचा फोन तुमच्याकडे कसा? बाबा कुठायत?"

"आहे की! जरासं पडसं झालंय. झोपलाय."

झिपारनं मशीन बंद केलं. आमच्याकडे दूरदेशीच्या लेकराला मरणाची बातमी सरळ कुणी सांगत नाही. जरा बरं नाही, म्हणतात. येऊन जा, म्हणतात. वाटेत त्याचा जीव जाऊ नये म्हणून. आई गेली तेव्हाही 'थोडा ताप आहे' एवढंच कळलं होतं.

"काका, अल्लाची शपथ, खरं सांगा!"

"खरंच पडसं गं! अगदी साधं! रडू नकोस. सावकाश ये!"

'सावकाश ये' ऐकलं, आणि पोरीनं हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी, झिपारचा फोन गेल्यावर, तुर्दुबेकची थोरली बहीण सायराकान गावाहून रडत आली. मागून पाच गाड्या रडत आल्या.

"माझा भाऊ कुठाय?"

कासिमालीला घाम फुटला. "आपा, तो जिवंत आहे! खिंडीपलीकडे गेलाय, बुबुइराच्या कबरीवर."

"काल पडसं, आज खिंड! चहा पाजला तर हजला गेला म्हणशील! मी काय दुधखुळी आहे, मेल्या?"

तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली: खिंडीत दरड कोसळली, रस्ता बंद. पलीकडे फोन लागत नाही. झालं! आता कुणाला विचारायचंही उरलं नाही. कासिमाली "जिवंत आहे, जिवंत आहे" म्हणत राहिला आणि लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले: बिचारा, जिवलग मित्र ना, धक्का बसलाय. संध्याकाळपर्यंत अंगणात मयताच्या रीतीचा, लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू उभा राहिला, मेंढा कापला गेला, पिठाचे बोरसोक तळले गेले. पहाटे झिपार उतरली. घरात शिरली, स्वयंपाकघर पाहिलं, आणि तंबूत जाऊन बायकांमध्ये भिंतीकडे तोंड करून बसली.

त्याच दुपारी तुर्दुबेक लंगडत परतला. दरडीवरून चालत, मग कुणाच्या घोड्यावर, मग पुन्हा चालत. वळणावर आला आणि थिजला. आपल्या अंगणात मयताचा तंबू! घरात माणूस तर कुणी नाही. मग कोण? एकच उरलं होतं. त्याची झिपार!

"माझ्या लेकी! माझ्या वासरा!" रीतीप्रमाणे दुरूनच आक्रोश करत तो धावत सुटला. गुडघा विसरला, छाती विसरली.

तंबूबाहेर पुरुष काठ्यांवर वाकून, माना खाली घालून रडत होते. रडत येणाऱ्याला गळ्याशी धरायचं, तोंडाकडे बघायचं नाही. पहिल्यानं धरलं. दुसऱ्यानं धरलं.

"गेला रे, तुर्दुबेक गेला!"

"कोण?"

"आपला तुर्दुबेक! खिंडीत गाडला गेला!"

"अरेरे!" तुर्दुबेक म्हणाला. क्षणभर त्याला त्या माणसाचं खरंच वाईट वाटलं. मग रांगेतल्या शेवटच्यानं मान वर केली. तो कासिमाली होता.

"तरी मी सांगत होतो!" तो किंचाळला.

पण तुर्दुबेकचं तिकडे लक्षच नव्हतं. तंबूतून झिपारचा आवाज येत होता. पोर शोकगीत गात होती, आणि तो आवाज तसाच्या तसा बुबुइराचा होता.

"जेवलो म्हणून खूण केलीस, चूल तुझी थंड रे बाबा,
निजले म्हणून खूण केली मी, मशीन माझं सुरू रे बाबा.
गोळ्या तुझ्या पाकिटात, आसवं माझी उशीत,
आईला नाही माती दिली, तुलाही नाही भेटले रे बाबा..."

बाहेरचा प्रत्येक माणूस थांबला. ऐकणाऱ्याच्या काळजातून देव चालत जावा असं ते गाणं होतं. तुर्दुबेकला आत शिरायचा धीर होईना. वर्षभर तो तिला फसवत होता, आणि ती त्याला. गाणं मोडावं की पुरं होऊ द्यावं? त्यानं ते पुरं होऊ दिलं. आईच्या वाटचं रडणं पोरीकडे वर्षभर साठलं होतं.

मग त्यानं नमद्याचा पडदा सारला. "झिपार... चूल थंडच होती गं."

बायकांच्या किंकाळ्या, एक काकू बेशुद्ध, सायराकानची चप्पल नेम धरून भावाच्या कानावर!

"घसा फाडून रडले तुझ्यासाठी! आता खरोखर मेलास तर माझ्याकडून आवाजाची आशा ठेवू नकोस!"

कापलेला मेंढा काही उठून चालणार नव्हता. सगळे जेवायला बसले. बुबुइराच्या नावानं दुआ झाली. कासिमाली कोपऱ्यात रडता रडता हसत होता. झिपार बापाला चिकटून बसली होती, त्याची बाही घट्ट धरून.

"दगड सरळ केलास?"

"केला. तुझं नाव सांगितलं तिला."

झिपारनं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "बाबा, बाप मेला सांगून रजा काढलीय. मालक म्हणाला, आईच्या वेळी दिली नव्हती म्हणून देतो. पण बाप एकदाच मरतो, पुन्हा मागायची नाही."

तुर्दुबेकचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी खरोखर गेलो, तर..."

झिपारनं नकारार्थी मान हलवली.

"अजून किती दिवसांचा करार आहे तुझा?"

"चार वर्षं."

तुर्दुबेकनं एकदा गुडघ्याकडे पाहिलं, छातीवरून हात फिरवला, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. मग वाडगा तिच्यापुढे सरकवला.

"चार वर्षं! बरं... वाढ आणखी थोडं."