निळी ताडपत्री आणि अकरा बायका

"जागा गेली तर तुझी बदली तिकडे लांब निगाताच्या गोदामात!" त्सुबोईसाहेबांनी कुरामोचींना सगळ्या ऑफिसदेखत बजावलं होतं. म्हणून पहाटे पाचपासून कुरामोची उएनोच्या बागेत, बहरलेल्या चेरीखाली निळी ताडपत्री अंथरून गारठत बसले होते. ऑफिस बारा वाजता येऊन फुलं बघणार, आणि त्यासाठी एकाने सात तास कुडकुडायचं. याला कंपनीत निष्ठा म्हणतात. खरं तर हे काम नव्या भरतीचं. पण यंदा कंजूष कंपनीने कुणाला घेतलंच नव्हतं. मग सापडले एक्कावन्न वर्षांचे कुरामोची.

साडेदहाला थर्मासभर चहाने आपलं काम केलं. पण माणूस उठला की रखवालदार ताडपत्री गुंडाळून नेणार! शेजारच्या ताडपत्रीवर ओकुयामाआजी होत्या.

"आजी, पाच मिनिटं इथे बसाल?"

"जा बाबा, मोकळा होऊन ये."

रांग एवढी, की पाच मिनिटांचा सव्वा तास झाला. परत येऊन बघतात तर ताडपत्रीवर अकरा बायका आणि डबेच डबे!

"एकटीला करमेना रे," आजी म्हणाल्या. "आणि आमच्याकडे मुंग्या झाल्या. म्हणून नाचाचं अख्खं मंडळच इथे बोलावलं. बस ना, लाजतोस काय?"

'उठा' हा शब्द कुरामोचींच्या ओठांवर आलाच होता. तेवढ्यात आजींनी तोंडात भाताचा गोळा कोंबला. संपलं! ज्यांचं खाल्लं त्यांना उठवणार कसं?

बाराला त्सुबोईसाहेब चौदा माणसं घेऊन हजर.

"कुरामोची! हे काय?"

"अगंबाई, तुझे साहेब?" आजी कमरेत वाकल्या. "बूट काढा, या. ही कोलंबी घ्या. घ्या हो!"

साहेबांनी दोन घेतल्या. मग अंड्याची वळकटी. मग साकेचा पेला. ऑफिस कडेकडेने टेकलं आणि साहेबांचं दरवर्षीचं भाषण टळल्याच्या आनंदात जेवू लागलं.

"उद्या आमच्या मंडळाची दुसरी तुकडी येणार," आजी म्हणाल्या. "आज पाहुणे म्हणून जेवलात, उद्या जागा तुम्ही धरा हं, साहेब."

साहेबांनी कुरामोचींना कोपराने ढोसलं. "उद्या तू ये."

"मी कसा येणार? जागा तर गेली. मी निगाताला."

"बदली रद्द!"

"लिहून द्या."

साहेबांनी जेवणाच्या काड्यांच्या कागदी वेष्टणावर खरडलं, सहीऐवजी खिशातला शिक्का काढून उमटवला. कुरामोचींनी ते वेष्टण नीट घडी घालून पाकिटात ठेवलं.

"छे छे, त्याला नको," आजींनी ऐकलं होतं. "तो बिचारा आज बसला. तीन वेळा वाढून कुणी घेतलं?"

अकरा बायका साहेबांकडे बघत राहिल्या. त्सुबोईसाहेबांनी घास गिळला आणि खाली वाकून विचारलं, "किती वाजता येऊ?"